तबकडीतलं चित्र लहान करताना



आजचा विषय वरवर पाहिला तर शहरातल्या तंत्रज्ञांचा वाटेल. पण खरं म्हणजे तो आहे आपल्या गावच्या शाळेतल्या कपाटाचा आणि आपल्या घरच्या पेटीतला. साधारण २००० सालानंतरची दहा-पंधरा वर्षे आठवून पाहा. ज्या घरी लग्न निघालं, ज्या शाळेत स्नेहसंमेलन झालं, ज्या देवळात सप्ताह बसला, तिथं तिथं कॅमेरावाला आला. आणि महिना-पंधरा दिवसांनी चकाकणाऱ्या दोन-चार तबकड्या आणून देऊन गेला. याच त्या डीव्हीडी. त्या वेळी आपण त्या एकदा पाहिल्या, पाहुण्यांना दाखवल्या आणि ठेवून दिल्या. आज त्या कपाटात पडून आहेत. आजच्या बहुतेक नव्या संगणकांत तबकडी घालायला जागाच नसते, आणि घरातली तबकडी लावायची यंत्रं एकामागून एक बंद पडत चालली आहेत.

त्यातून घरी लिहिलेली तबकडी ही काही ताम्रपटासारखी टिकाऊ वस्तू नव्हे. तिच्या पोटात रंगाचा एक पातळ थर असतो. लेझर किरणाने त्याच रंगावर खुणा केलेल्या असतात. ऊन, उष्णता आणि दमट हवा लागली की हा रंग हळूहळू बिघडतो. वरून ओरखडे पडतात ते निराळेच. तेव्हा या तबकड्यांतली चित्रे संगणकावर उतरवून घ्यावीत, आणि जागा पुरावी म्हणून ती लहान करावीत, हा विचार योग्यच आहे. पण इथंच एक खड्डा आहे.

आमच्या परिचयाच्या एका शाळेत असंच झालं. शाळेत एक जुना संगणक होता, त्यावर लिनक्स चालत असे. एका उत्साही शिक्षकांनी वीस-पंचवीस तबकड्या घेतल्या, कुठूनतरी मिळालेली एक आज्ञा संगणकाला दिली, आणि दोन-तीन रात्रींत सगळं एका लहानशा पेनड्राइव्हवर बसवलं. फाइल चालू होते एवढं पाहिलं, आणि तबकड्या रद्दीबरोबर दिल्या. पुढं शाळेचे जुने मुख्याध्यापक वारले. शोकसभेत त्यांचं निरोपाचं भाषण दाखवावं असं ठरलं. भाषण लागलं, पण पडद्यावर गुरुजींचा चेहरा चौकोनी तुकड्यांचा झालेला. हात हलला की त्याच्या कडेला फणीच्या दात्यांसारख्या रेघा. ओठ एक बोलतात आणि आवाज दुसराच येतो. माणसं खाली मान घालून बसली. त्या शिक्षकांचा हेतू चांगला होता, मेहनतही होती. उणी होती ती थोडीशी माहिती. ती आज सांगावी म्हणून हे भाषण.

प्रथम लिनक्स म्हणजे काय ते एका वाक्यात सांगतो. संगणकाला चालवणारी जी मूळ प्रणाली असते, तिचा गाभा फिनलंडमधील लिनस टोरवाल्ड्स या विद्यार्थ्याने १९९१ साली लिहून सर्वांना खुला करून दिला, तो लिनक्स. तो वापरायला पैसे पडत नाहीत आणि जुन्या संगणकावरही तो नीट चालतो. आपल्याकडे सी-डॅक या सरकारी संस्थेने बॉस नावाची लिनक्स प्रणाली तयार केली आहे, आणि केरळातल्या शाळांतून तर लिनक्सवरच संगणक शिकवतात. चित्रांच्या कामाची जी साधनं आज आपण पाहणार आहोत, तीही सारी फुकट मिळतात.

आता तबकडीत चित्र कसं भरलेलं असतं ते पाहू. हे कळलं की बिघाड का होतो ते आपोआप कळेल.

आपल्या देशातल्या डीव्हीडीवर एका चित्रात आडवे ७२० आणि उभे ५७६ ठिपके असतात, आणि सेकंदाला अशी २५ चित्रे जातात. रंग आणि उजेड यांची नोंद साधेपणानं करत गेलो तर एका चित्राला ६,२२,०८० बाइट लागतात. त्याला पंचवीसनं गुणा. एका सेकंदाला दीड कोटी बाइटांहून जास्त झाले. नेहमीच्या एका थराच्या तबकडीत मावतात ४७० कोटी बाइट. म्हणजे पाच मिनिटांत तबकडी भरली! मग तिच्यात दोन तासांचं लग्न कसं बसतं? बसतं, कारण तबकडीतलं चित्र आधीच पुष्कळ आवळून बसवलेलं असतं. शिक्षकांनी ही गोष्ट गाठीशी बांधून ठेवावी. आपण जे लहान करायला निघालो आहोत, ते मुळातच एकदा लहान केलेलं आहे. उसाचा रस आधी काढून झाला आहे. आपण चिपाड पुन्हा चरकात घालत आहोत.

हे आवळणं दोन प्रकारांनी होतं. पहिला प्रकार एका चित्रापुरता. चित्राचे आठ बाय आठ ठिपक्यांचे चौकोन पाडतात. प्रत्येक चौकोनात सपाट भाग किती आणि बारीक नक्षी किती, याचं गणित मांडतात. हे गणित बंगळूरला जन्मलेले शास्त्रज्ञ नासिर अहमद यांनी टी. नटराजन आणि के. आर. राव यांच्यासह १९७४ साली प्रसिद्ध केलं. आज जगात जी असंख्य छायाचित्रे आणि चलच्चित्रे साठवली जातात, त्यांच्या मुळाशी हे गणित किंवा त्याचे वंशज आहेत. गणित मांडून झालं की येणारे आकडे मोकळ्या हातानं पूर्णांकात आणतात. बाजाराचा हिशेब पैशापर्यंत न ठेवता रुपयात ठेवावा, तसं. बारीक नक्षीचे आकडे यात बहुधा शून्य होतात आणि जागा वाचते. पण हिशेब रुपयाऐवजी शंभराच्या पटीत ठेवला तर? मग शेजारच्या दोन चौकोनांचा मेळ बसत नाही आणि त्यांच्यामधली भिंत डोळ्याला दिसू लागते. गुरुजींच्या चेहऱ्यावर दिसले ते हेच चौकोन.

दुसरा प्रकार एकामागून एक येणाऱ्या चित्रांचा. इथं मी वाण्याच्या खतावणीची उपमा घेतो. दुकानदार रोज गल्ला पूर्ण मोजून लिहीत बसत नाही. कालची शिल्लक अमुक, आज जमा इतकी, खर्च इतका, एवढंच मांडतो. अधूनमधून मात्र गल्ला पालथा करून पुरती मोजदाद करतो. तबकडीतही असंच आहे. साधारण दर अर्ध्या सेकंदाला एक चित्र पूर्ण लिहिलेलं असतं. त्याच्या मधल्या चित्रांत फक्त 'मागच्या आणि पुढच्या चित्राहून फरक काय' तेवढंच लिहिलेलं असतं. व्यासपीठ तेच, पडदा तोच, फक्त हात हलला. मग हाताचीच नोंद पुरे.

आता समजा खतावणीत मंगळवारी दहा रुपयांची चूक झाली. बुधवारची शिल्लक चुकली, गुरुवारची चुकली. पुन्हा मोजदाद होईपर्यंत चूक पुढं चालतच राहिली. चित्रातही नेमकं हेच घडतं. तबकडी लहान करण्याची काही जुनी साधनं अशी होती की ती चित्र पुरतं उलगडत नसत. आवळलेल्या आकड्यांतलेच काही आकडे कापून टाकत. साडेआठशे कोटी बाइटांची दोन थरांची तबकडी एका थराच्या तबकडीत बसवायला ही युक्ती फार वापरली गेली, कारण काम झटपट होई. दहा-पंधरा टक्के कापलं तर नजरेला फारसं कळत नाही. पण निम्म्याच्या आसपास कापू लागलात तर प्रत्येक चित्रातली चूक पुढच्या चित्रात साठत जाते, आणि पूर्ण चित्र आलं की एकदम नाहीशी होते. मग चित्र दर अर्ध्या सेकंदाला धडधडल्यासारखं दिसतं. तेव्हा पहिला नियम हा की, फार लहान करायचं असेल तर आकडे कापू नयेत. चित्र पूर्ण उलगडून नव्या पद्धतीनं पुन्हा बांधावं. वेळ जास्त लागतो, पण चूक साठत नाही.

नवी पद्धत कोणती, तर एच.२६४. डीव्हीडीतली पद्धत एमपेग-२ नावाची, १९९० नंतरच्या काळातली. एच.२६४ ही २००३ साली प्रमाण म्हणून ठरली. तिचं गणित अधिक कसून केलेलं आहे. म्हणून तेवढ्याच दर्जाचं चित्र ती बऱ्याच कमी जागेत बसवते. हे काम करणारी दोन साधनं लिनक्सवर सर्वांच्या ओळखीची आहेत. एक एफएफएमपेग; हे आज्ञा टंकून चालवायचं. दुसरं हँडब्रेक, यात खिडक्या आणि बटणं असतात, त्यामुळे नवख्या माणसाला ते सोपं जातं. दोन्हींत एच.२६४ बांधण्याचं काम एक्स२६४ नावाचं एकच यंत्र करतं.

आता फणीच्या दात्यांकडे वळू. जुन्या काळचा दूरचित्रवाणी संच एक चित्र दोन खेपांत रंगवीत असे. आधी एकाआड एक ओळी, मग सेकंदाच्या पन्नासाव्या भागानंतर मधल्या राहिलेल्या ओळी. कॅमेरेही त्याच रीतीनं चित्र घेत. म्हणजे एका चित्रात खरं तर दोन क्षणांची दोन अर्धचित्रे विणलेली असतात, गोधडीत दोन रंगांच्या पट्ट्या शिवाव्यात तशी. माणूस स्थिर असेल तर काही कळत नाही. पण लेझीम खेळणाऱ्या मुलाचा हात पहिल्या क्षणी इथं आणि दुसऱ्या क्षणी तिथं असतो. म्हणून आजच्या पडद्यावर दोन्ही एकदम दिसली की कडेला दाते दिसतात. लहान करण्याआधी ही वीण उकलावी लागते. एफएफएमपेगमध्ये त्यासाठी यॅडिफ आणि बीडब्ल्यूडीआयएफ अशा दोन गाळण्या आहेत. हँडब्रेकमध्ये 'फिल्टर्स' या पानावर त्या मिळतात.

इथं क्रम फार महत्त्वाचा आहे. वीण आधी उकलायची, आणि मग चित्राची उंची कमी करायची असेल तर करायची. ५७६ ओळींच्या वीण असलेल्या चित्राच्या आधीच ३६० ओळी केल्या, तर दोन्ही क्षणांच्या ओळी एकमेकींत कालवल्या जातात. मग कोणतीही गाळणी त्यांना वेगळं करू शकत नाही. पाणी घातलेल्या दुधातून पाणी काढता येईल का? तसंच ते. माझा सल्ला असा की, आकार मुळीच बदलू नये. ७२० बाय ५७६ हे काही मोठं चित्र नव्हे. लहान करायची ती फाइल, चित्र नव्हे.

वीण उकलताना आणखी एक निवड असते. दोन अर्धचित्रांतून एक पूर्ण चित्र करून सेकंदाला २५ ठेवायची, की प्रत्येक अर्धचित्राचं एक पूर्ण चित्र करून सेकंदाला ५० करायची? भाषण असेल तर २५ पुरेत. लेझीम, कबड्डी, नाच असेल तर ५० करावीत. हालचाल मुळासारखी सळसळती राहते. ५० केल्यावर चित्र पुढं-मागं थरथरू लागलं, तर समजावं की अर्धचित्रांचा क्रम उलटा धरला गेला आहे. तो बदलून पाहावा. आणि मुळात वीण नसेल, हालचालीच्या जागी चित्र थांबवून पाहिलं असता दाते दिसत नसतील, तर ही गाळणी लावूच नये. निरोग्याला औषध कशाला?

तिसरा बिघाड ओठ आणि आवाज यांचा मेळ तुटण्याचा. तबकडी उघडली की तिच्यात व्हिडिओ-टीएस नावाची पेटी दिसते, आणि पेटीत एकेक गिगाबाइटचे तुकडे दिसतात. त्यांना व्हीओबी म्हणतात. पुष्कळजण हेच तुकडे एकेक करून लहान करतात आणि मागाहून सांधतात. तसं करू नये. तुकडा कुठंही, अगदी वाक्याच्या मध्येही तोडलेला असतो. शिवाय कोणता भाग कोणत्या क्रमानं लावायचा याची यादी आयएफओ नावाच्या निराळ्या फाइलीत असते. आणि आत वेळेची मोजणी मध्येच पुन्हा शून्यापासून सुरू झालेली असू शकते. यादी न वाचता तुकडे जोडले की सांध्याजवळ चित्र फुटतं आणि तिथून पुढं आवाज मागं-पुढं होतो. हँडब्रेकला संपूर्ण तबकडी किंवा तिची संपूर्ण प्रत दाखवावी. तो यादी वाचून कार्यक्रम क्रमानं घेतो.

संपूर्ण प्रत कशी घ्यायची? आता कृतीच क्रमानं सांगतो. शिक्षकांनी टिपून घ्यावी.

प्रथम तबकडी मऊ, स्वच्छ कापडानं मधून कडेकडे पुसावी, गोल गोल पुसू नये. मग तिची जशीच्या तशी प्रत संगणकात घ्यावी. या प्रतीला आयएसओ फाइल म्हणतात. जुन्या, ओरखडलेल्या तबकडीसाठी डीडीरेस्क्यू हे साधन वापरावं. त्याला तीन गोष्टी सांगायच्या: तबकडीचं यंत्र कोणतं, प्रतीचं नाव काय आणि नकाशाच्या फाइलीचं नाव काय. शिवाय तुकड्याचं माप २०४८ बाइट आहे हेही सांगायचं, कारण डीव्हीडीत तेच माप असतं. हे साधन पहिल्या फेरीत जे सहज वाचता येतं ते सगळं घेतं आणि अडलेल्या जागा नकाशात टिपून पुढं जातं. दुसऱ्या फेरीत त्या अडलेल्या जागांवर पुन्हा पुन्हा प्रयत्न करतं. मध्येच वीज गेली तरी हरकत नाही. नकाशा शाबूत असेल तर काम जिथं थांबलं तिथून पुढं चालू होतं. आणि एका यंत्राला जे वाचता आलं नाही ते शेजारच्या शाळेतल्या यंत्राला वाचता येऊ शकतं. तीच प्रत आणि तोच नकाशा घेऊन तिथं जायचं. फक्त उरलेल्या जागाच वाचल्या जातात. खराब वाचलेल्या तबकडीवरून थेट लहान करायला बसलात, तर वाचनातली चूक नव्या फाइलीत कायमची गोठते.

दुसरी पायरी अशी की, चित्राला हात न लावता काय काढता येतं ते पाहावं. धान्य भरडण्याआधी ते उफणून घ्यावं. भुसा उडाला की पोतं लहान होतं आणि दाणा तसाच राहतो. तबकडीत सुरुवातीच्या सजावटीच्या पाट्या असतात, कधी एकाच कार्यक्रमाचे दोन आवाज असतात. काही तबकड्यांत आवाज मुळीच न आवळता भरलेला असतो. अशा आवाजाला सेकंदाला १५,३६,००० बिट लागतात. दोन तासांचे झाले १३८ कोटी बाइट. तोच आवाज सेकंदाला १,९२,००० बिटांत बसवला तर सव्वासतरा कोटींत काम होतं. म्हणजे चित्राच्या एका ठिपक्यालाही न दुखवता जवळजवळ सव्वा गिगाबाइट वाचले! एफएफएमपेगला चित्रासाठी 'कॉपी' असं सांगितलं की ते चित्र उलगडत नाही, जसंच्या तसं उचलून नव्या फाइलीत ठेवतं. नवी फाइल मॅट्रोस्का प्रकारची ठेवावी. तिच्यात डीव्हीडीचं चित्र बिनतक्रार राहतं. एवढ्यानं जागा पुरत असेल तर इथंच थांबावं.

जागा पुरत नसेल तर तिसरी पायरी. चित्र नव्यानं बांधायचं. इथं एक प्रश्न विचारावा: मला माप ठरवायचं आहे की दर्जा? पुष्कळजण माप ठरवतात. 'प्रत्येक कार्यक्रम अर्ध्या गिगाबाइटात बसला पाहिजे.' मग शांतपणे चाललेलं भाषण उत्तम दिसतं, आणि फुलं उधळलेला, पोरं नाचलेला प्रसंग चौकोनांनी भरून जातो. कारण त्याला जास्त जागा हवी होती आणि ती मिळाली नाही. म्हणून दर्जा ठरवावा आणि माप त्याच्या मागून येऊ द्यावं. एक्स२६४ मध्ये दर्जाचा आकडा असतो, त्याला सीआरएफ म्हणतात. हँडब्रेकमध्ये तो 'कॉन्स्टंट क्वालिटी' या नावाखाली दिसतो. आकडा जितका लहान तितकं चित्र चांगलं आणि फाइल मोठी. डीव्हीडीच्या चित्राला १८ ते २२ या दरम्यानचा आकडा योग्य. नवख्यानं २० घ्यावा. वेग 'स्लो' ठेवावा. संगणक रात्रभर चालेल, चालू द्यावा. असं करताना सरासरी सेकंदाला पंधरा लाख बिट लागले, तर दोन तासांचा कार्यक्रम १३५ कोटी बाइटांत बसतो. भरलेल्या तबकडीच्या तिसऱ्या हिश्श्याहून कमी. प्रत्येक कार्यक्रमाचा हिशेब मात्र वेगळा येईल. टेपवरून तबकडीवर उतरवलेल्या चित्रात मुंग्या फार असतात, आणि त्या मुंग्याही जागा खातात.

डीव्हीडीतले ठिपके चौरस नसतात, हेही ध्यानात असू द्या. एकच ७२० बाय ५७६ चं चित्र कधी चारास तीन या प्रमाणात दाखवायचं असतं, कधी सोळास नऊ. ही खूण हरवली की माणसं काडीसारखी बारीक दिसतात. हँडब्रेक ती खूण स्वतःहून सांभाळतो. तिथं ढवळाढवळ करू नये. गावातल्या टीव्हीवर पेनड्राइव्हनं दाखवायचं असेल तर नेहमीचं आठ बिटांचं एच.२६४ ठेवावं, दहा बिटांचं बरेच संच दाखवत नाहीत. आणि पेनड्राइव्ह जुन्या फॅट३२ पद्धतीचा असेल तर चार गिगाबाइटांपेक्षा मोठी फाइल त्यावर जातच नाही.

चौथी पायरी तपासणीची. उत्साहाच्या भरात हीच राहून जाते. चित्र बांधण्याचं काम चालू असताना वीज गेली, तर अर्धवट फाइल मागं राहते. आणि मॅट्रोस्का प्रकारची असेल तर ती अर्धी फाइल व्यवस्थित चालूही होते! पाहणाऱ्याला वाटतं, काम झालं. म्हणून मूळ कार्यक्रमाची लांबी आणि नव्या फाइलीची लांबी मिनिट-सेकंदापर्यंत जुळवून पाहावी. मग एफएफएमपेगला सांगावं की ही फाइल पहिल्यापासून शेवटपर्यंत उलगड, कुठं लिहू नकोस, फक्त चुका सापडल्या तर दाखव. काही न बोलता ते थांबलं तर बांधणी ठीक आहे. पण चौकोन आणि दाते यांची तक्रार ते करणार नाही, कारण त्याच्या दृष्टीनं तो बिघाडच नव्हे. ते डोळ्यानंच पाहावं लागतं. अंधारातला रंगमंच, वेगाची हालचाल, जवळून दिसणारा चेहरा. असे तीन प्रसंग काढून मूळ आणि नवं शेजारीशेजारी लावून पाहावेत. शेवटाजवळ एकदा ओठ आणि आवाज जुळतात का ते पाहावं. आवाज घसरला असेल तर तो सुरुवातीपेक्षा शेवटी जास्त कळतो.

आणि पाचवी गोष्ट, जी सर्वांत स्वस्त आणि सर्वांत मोलाची. मूळ टाकून देऊ नका. लहान केलेली फाइल ही दाखवण्यासाठी. मूळ आयएसओ प्रत ही जपण्यासाठी. एक हजार गिगाबाइटच्या डिस्कवर भरलेल्या तबकड्यांच्या दोनशेहून जास्त प्रती मावतात. त्यातून एक डिस्क शाळेत आणि दुसरी गावात दुसऱ्या कुणाच्या घरी ठेवावी. प्रत उतरवताना शा२५६सम या साधनानं तिचा ठसा काढून वहीत लिहावा; वर्षानं पुन्हा ठसा काढून जुळवून पाहावा. जुळला तर एक बिटही हललेला नाही. उद्या याहून चांगली पद्धत निघाली, तर ती मुळावरून लावता येईल. लहान केलेल्यावरून पुन्हा लहान केलं, तर दोन्ही खेपांचे दोष एकत्र येतात.

एक खुलासा करतो. हे सगळं आपल्या स्वतःच्या, शाळेच्या, घरच्या तबकड्यांविषयी आहे. बाजारातल्या चित्रपटांच्या बहुतेक तबकड्यांना कुलूप घातलेलं असतं, आणि हक्काचा भंग करण्यासाठी असं कुलूप तोडणं हा कॉपीराइट कायद्यातल्या २०१२ सालच्या दुरुस्तीनं गुन्हा ठरला आहे. त्या वाटेला जाऊ नये.

आता सुरुवातीच्या शाळेची गोष्ट पुरी करतो. मुख्याध्यापकांच्या त्या भाषणाची तबकडी शाळेतून गेली ती गेलीच. पण त्याच संमेलनात नाचलेल्या एका मुलीच्या आईनं कॅमेरावाल्याकडून आपल्यासाठी वेगळी तबकडी करून घेतली होती. ती पत्र्याच्या पेटीत, लुगड्याच्या घडीत सापडली. तिच्यावर ओरखडे होते. या वेळी त्याच शिक्षकांनी घाई केली नाही. दोन शाळांच्या दोन यंत्रांवर मिळून तिची प्रत काढली. काही क्षणांचं चित्र गेलं ते गेलं, बाकी सगळं आलं. वीण उकलली, आकडा २० ठेवला, रात्रभर संगणक चालवला आणि सकाळी शेवटपर्यंत बसून पाहिलं. गुरुजी व्यासपीठावर उभे राहतात, चष्मा पुसतात, आणि बोलायच्या आधी क्षणभर मुलांकडे पाहतात. तो चष्मा पुसणारा हात आता स्पष्ट दिसतो.

आपल्या कपाटातही असं काही असेल. या रविवारी एक तबकडी काढा. आधी पुरती प्रत घ्या, मग सवडीनं लहान करा, आणि डोळ्यानं पाहिल्याशिवाय काही फेकू नका.